अप्पांची तमिळ

माझे वडील तंजावूरच्या एका शाळेत तमिळ शिकवत. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत बहुतेक घरे मराठा राजांच्या काळापासून मराठी बोलणारी, पण व्याकरणात अडले की तमिळ शेजारीही आमच्याच अप्पांकडे येत. घरात मात्र आम्ही आमची जुनी तंजावुरी मराठीच बोलायचो.

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाल्यावर, आई गेल्यानंतर, ते न्हाणीघरात घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हा गावात नवी खासगी इस्पितळे निघू लागली होती. माझा धाकटा भाऊ बंगळूरला कॉम्प्युटर कंपनीत होता. एसटीडी बूथवरून मी त्याला कळवले. "चांगल्यातल्या चांगल्या ठिकाणी ने अक्का, एसी खोली घे," तो म्हणाला.

ऑपरेशन नीट झाले. दुसऱ्या दिवशी मी बँकेतून थेट तिथे गेले, तर अप्पांचे दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधलेले.

"सलाईन उपटून टाकतात," नर्स म्हणाली. ती दमलेली होती. "आणि यांना ऐकू येत नाही का हो? कितीही ओरडून सांगितले तरी कळत नाही."

अप्पांचे कान तिखट होते. मी वाकून ऐकले. ते पुटपुटत होते, "हात सोडा गे कोणी. मी काय केलो?"

नर्सने पुन्हा मोठ्याने तमिळमध्ये विचारले, पाणी हवे का म्हणून. अप्पा दचकले आणि तिच्याकडे भ्यालेल्या नजरेने पाहत राहिले. मी मराठीत विचारले, "अप्पा, पाणी हवे?" त्यांनी लगेच तोंड उघडले.

नर्सला मी काय सांगणार होते? हे तमिळचे मास्तर आहेत, आणि यांना तमिळ कळत नाही?

डॉक्टरांनी मला बसवून सांगितले. "म्हाताऱ्या माणसांचे ऑपरेशननंतर असे होते. भ्रम होतो, मागाहून शिकलेली भाषाही कधी पुसली जाते. कुणाचा उतरतो, कुणाचा थोडा राहून जातो. त्यांना चष्मा लावा, उजेडात बसवा. घरचे कोणीतरी सतत जवळ असू द्या. तसे असेल तर हात बांधायची गरज नाही."

एसी खोलीची खिडकी कायमची बंद होती आणि ट्यूबलाईट दिवसरात्र जळत असे. मी जनरल वॉर्डात खिडकीजवळची खाट मागून घेतली. भाऊ आला तो चिडलाच. "लोक काय म्हणतील? पोरगा बंगळूरला आणि बाप जनरलमध्ये?"

अप्पांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. "हा कोण गे?" त्यांनी मला विचारले.

बरीच वर्षे भाऊ बंगळूरला इंग्रजीत आणि तमिळ मित्रांत दिवस काढत होता; मराठीची सवय सुटली होती. आता खाटेच्या कडेला बसून तो एकेक मराठी शब्द शोधू लागला. "अप्पा... मी... तुमचा लेक." त्याला पुढचे सुचेना. मग त्याने दहीभाताचा डबा उघडला आणि घास पुढे केला. अप्पांनी खाल्ला. तो घास भरवत राहिला आणि रडत राहिला. त्या दिवशी त्याने रजा वाढवून घेतली.

ऑपरेशननंतर मला अप्पा अक्का म्हणू लागले होते. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, त्यांना वाढवणारी, कधीच वारलेली. पहिल्यांदा मी म्हणाले, "मी तुमची लेक आहे." ते कासावीस झाले. "मग अक्का कोठे गेली?" पुन्हा विचारले तेव्हा मी म्हणाले, "हो, मी आहे इथे." माझा हात धरून ते झोपले.

"मीही तुला अक्काच म्हणतो की," भाऊ हळूच म्हणाला.

आम्ही पाळीपाळीने बसलो. हात परत बांधावे लागले नाहीत. नर्स येता-जाता आमच्याकडून मराठीतले 'दुखते का' आणि 'उठा' एवढे शिकली, आणि ओरडणे थांबले.

घरी आल्यावर भ्रम बराच उतरला, पण सगळा नाही. धरून धरून ते चालू लागले. जवळच्या पापनाशम गावच्या एका बाईंना दिवसभरासाठी ठेवले, कारण अप्पांना एकटे सोडणे शक्यच नव्हते. भाजी, पाणी, ऊन, एवढी तमिळ परत आली. पुस्तकातली आली नाही. मला ते अक्काच म्हणत राहिले.

त्यांच्या शेवटच्या वर्षात एक जुना विद्यार्थी भेटायला आला, आता स्वतः तमिळचा प्राध्यापक. समोर जमिनीवर बसून त्याने अप्पांनीच शिकवलेली एक जुनी कविता सावकाश म्हणून दाखवली. अप्पा मान डोलावत ऐकत होते. संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "किती गोड बोलतो गे हा, अक्का. काय म्हणतो?"

"सर काय म्हणाले?" त्याने मला विचारले.

"गोड म्हणतोस, म्हणाले," मी तमिळमध्ये सांगितले.

तो अप्पांच्या पाया पडला. बाहेर जाऊन चपला घालायला त्याला बराच वेळ लागला.