मुळगुंद सरांचा गौरवग्रंथ

आमच्या धारवाडात माणूस पंचाहत्तरीला पोचला की त्याचा गौरवग्रंथ निघतो. मग तो माणूस कसाही असो. माझा छापखाना अशा ग्रंथांवरच उभा आहे, त्यामुळे मी तक्रार करणार नाही. आणि त्यातल्या बऱ्याच ग्रंथांचं संपादन शांतक्काच करायच्या.

शांतक्का म्हणजे शांतला हेब्बळ्ळी. हळियाळच्या शाळेत कन्नड शिकवून निवृत्त झालेल्या, सडपातळ, जिभेला धार असलेल्या. प्रोफेसर विरूपाक्ष मुळगुंदांच्या ग्रंथाचं काम घेऊन गौरव समितीचे कुंदगोळ वकील माझ्याकडे आले, तेव्हा त्या समोरच मुद्रितं तपासत बसल्या होत्या. नाव ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे मी करणार. एक पैसा नको," त्या म्हणाल्या.

वकील खूश झाले. मी नाही झालो. मला सगळी कहाणी ठाऊक होती.

तरुणपणी शांतक्कांनी कॉलेजातल्या जागेसाठी मुलाखत दिली होती. आपल्या गावावर निबंध लिहून आणायचा होता. मुळगुंद सरांनी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला आणि हसत म्हणाले, "ही वरात आहे की निबंध? नवरदेव येईपर्यंत पंगती उठल्या! गाव थोर म्हणतेस, मग उदाहरण कुठंय? आणि शेवटाला आल्यावर नवीनच विषय काढलास. जा बाई, पापड लाट." जागा सरांच्या भाच्याला मिळाली. शांतक्का जन्मभर पहाटेच्या एस.टी.नं हळियाळला जात राहिल्या.

"चुका मात्र त्यानं बरोबर काढल्या होत्या," त्या मला म्हणायच्या. "त्याचाच जास्त राग येतो."

लेख येऊ लागले. प्रत्येकाची सुरुवात कर्नाटकमातेच्या वंदनापासून, मग धारवाडची हवा, मग साधनकेरीचं तळं. सर उगवायचे चौथ्या पानावर. शांतक्का पहिली तीन पानं सरळ उडवायच्या. एकच स्तुती तीनदा आली की दोनदा खोडायच्या. 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणून कुणी आणखी दोन पानं ओढली की तीही गेली. उरलेल्या मजकुरावर, जिथे जिथे 'उदार', 'विद्यार्थिप्रिय', 'निःस्वार्थी' असे शब्द होते, तिथे लाल शाईत एकच प्रश्न: 'उदाहरण?' आणि लेख परत.

गावात बोंबाबोंब झाली. एक निवृत्त प्राचार्य छापखान्यात येऊन कडाडले, "स्तुतीला उदाहरण मागता? काय कोर्ट आहे का हे?"

"सरांचाच नियम आहे," शांतक्का गोड हसून म्हणाल्या. "तुम्हालाही शिकवला असेल की. एक प्रसंग सांगा, आत्ता घालते."

प्राचार्य आठवू लागले. "एकदा भर पावसात त्यांनी मला छत्री..." बोलता बोलता ते अडखळले. "नाही. छत्री माझी होती. मी त्यांना दिलेली. परत कुठं दिली त्यांनी!" आणि लेख काखोटीला मारून ते निघून गेले.

ग्रंथ जाडजूड व्हायचा होता, तो पंचांगाएवढा बारीक झाला. मला आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू?

बातमी सरांपर्यंत गेली. ते काठी टेकत स्वतः आले. चहा मागवला, तो त्यांनी प्यायला नाही.

"एवढाच?" त्यांनी विचारलं.

"उदाहरणं मिळेनात, सर. तुम्हीच सांगा. कुणाचं भलं केलंत? नाव सांगा फक्त."

सर बोटांवर नावं मोजू लागले, ते पहिल्याच बोटावर अडले. त्या क्षणी मला त्यांची दया आली, शांतक्कांना आली नाही. मग सरांचा चेहरा एकदम उजळला. "अगं, तू माझीच घडवलेली ना? मुलाखतीला आली होतीस. बघ, आज केवढी संपादक झालीस! तूच लिही. उदाहरणासकट लिही."

त्यांना दुसरं काहीच आठवत नव्हतं. शांतक्कांचे ओठ पांढरे पडले. "लिहिते," त्या म्हणाल्या.

समारंभाला सभागृह भरलं होतं. सरांच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा, अंगावर शाल, मांडीवर फळांची टोपली. पहिल्या रांगेत भाचा, आता तोही निवृत्त. संपादकानं एक लेख वाचायचा, ही आमच्याकडची रीत. शांतक्कांनी स्वतःचा काढला. अर्ध्या पानाचा होता.

"मुलाखतीला मी निबंध नेला होता. सरांनी तो मोठ्यानं वाचला. त्यातल्या तीन चुका दाखवल्या. तिन्ही खऱ्या होत्या. त्या मी पुन्हा कधी केल्या नाहीत. सर मला म्हणाले, पापड लाट. जागा सरांच्या भाच्याला मिळाली. त्याचा निबंध कुणी वाचला नाही, कारण त्याला निबंध आणायला सांगितलंच नव्हतं."

त्या खाली बसल्या. भाचा चपलेकडे बघत राहिला. मी मनात म्हटलं, वाजली एकदाची थोबाडीत!

सरांनी माईक मागितला. आता माफी मागणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"प्रस्तावना नाही," ते म्हणाले. "विशेषण नाही. बोलली त्याला उदाहरण दिलं. संपायला हवा तिथे संपवला." मग शांतक्कांकडे बघून म्हणाले, "चूक नाही."

टाळी वाजली नाही. वकिलांनी घाईघाईनं आभार मानले.

परतताना आम्ही चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला थांबलो. शांतक्कांनी बशीला हात लावला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि रागानं नाक लाल झालं होतं.

"काय झालं, शांतक्का? जिंकलात की तुम्ही."

"कसली जिंकले, मालक! मला माफी हवी होती. मेल्यानं मार्क दिले." पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आणि मला बरं वाटलं."