गिऱ्हा: ताकद शंभरपैकी शंभर

डोंबिवलीच्या मोठागावात आमच्या शेजारच्या पोपट कोळ्याला कामधंदा फारसा नव्हता, पण वजन होतं. त्याच्या वडिलांना, भिवाजींना, गिऱ्ह्यानं नेलं होतं. गिऱ्हा म्हणजे खाडीतलं भूत. तिन्हीसांजेला माणसाला नावानं हाक मारतो आणि पाण्यात ओढतो. पोपट तेव्हा पाळण्यात होता. होडी रिकामी सापडली, भिवाजी सापडले नाहीत. बाकीच्यांचे बाप दारूनं नाहीतर टायफॉईडनं गेलेले. असले बाप घेऊन कोण मिरवणार? पोपट मात्र त्या एका बापाच्या जोरावर पंचवीस वर्षं मिरवला. लग्नसुद्धा त्यावरच जमलं.

चौऱ्याण्णवच्या सुमारास पोरांना च्युइंगमबरोबर मिळणाऱ्या राक्षसांच्या कार्डांचं वेड लागलं. पुढे चित्र, मागे उंची, ताकद आणि 'तुम्हाला ठाऊक आहे का?' कल्याणचे छापखानेवाले सीतारामपंत यांनी देशी राक्षसांचा संच काढायचं ठरवलं. विलायती राक्षस संपले असावेत. गिऱ्ह्यावर लिहायला पोपटाहून मोठा अधिकारी कोण? त्यानं आठवडाभर दाढी वाढवून सहा ओळी लिहिल्या. उंची भरतीप्रमाणे. ताकद शंभरपैकी शंभर. शेवटी वडिलांचं नाव. छापून आलं की बापाचं मरण पक्कं होईल, असं त्याला वाटत होतं. कारण गावात 'भिवाजी बुडाला की पळाला' असं कुजबुजणारे चार नतद्रष्ट होतेच, आणि पोपट त्यांना मनातून घाबरायचा.

सीतारामपंत मूळचे साताऱ्याकडचे. खाडीशी संबंध पुलावरून जाण्यापुरता. 'गिऱ्हा' हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. बिचाऱ्याला घाईत शब्द पुरा लिहिता आला नाही, अशी दया येऊन त्यांनी तो पुरा केला: गिऱ्हाईक. व्याकरणाला जागून क्रियापदंही बदलली.

कार्ड बाजारात आलं. चित्रात हिरवागार राक्षस, आणि मागे: 'गिऱ्हाईक. तिन्हीसांजेला येतं. गोड बोलतं. मोठागावच्या भिवाजी कोळ्यांना गिऱ्हाईकानं नेलं, ते परत आले नाहीत.' दुकानदारांनी हौसेनं ते गल्ल्यावर चिकटवलं.

पोपट पिसाळला. समजूत घालत मी त्याच्या मागोमाग घरी गेलो. त्याची आई मनुबाई दारात मासळी साफ करत बसली होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं.

"आये, ऐक काय छापलाय त्या शहाण्यानं! 'भिवाजी कोळ्यांना गिऱ्हाईकानं नेलं!'"

म्हातारी पोट धरून हसेल असं मला वाटलं होतं. तिचा हात थांबला.

"तुला कोनी सांगितला?"

"काय?"

"तिचा नाव पन छापलाय का?"

पोपटानं कार्ड उलटून पुन्हा वाचलं. मनुबाईनं टोपलीतून पुढची मांदेली उचलली.

"बंदरावं येऊन तुझ्या बापाकडशीच घ्यायची. कवा घासाघीस नाय केली मेलीनं. तवाच मना समजाया पायजे होता."