बोलावल्याशिवाय कशी येतील?

एक नाव राहिलं तरी धवलारीण काकी भर मांडवात गाणं थांबवायच्या. नवरी ताटकळो, फोटोवाला कुरकुरो, त्यांना फिकीर नसे. आगरी लग्नात धवले गाऊन देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना आमंत्रण देणं हे त्यांचं काम. "बोलवल्याबिगर कशी येतील ती? मानाची हायत," म्हणायच्या.

ओवे गावातली शेती गेल्यावर काकी मुलाकडे पनवेलला, आमच्या शेजारी राहायला आल्या. धवले सुनेला, म्हणजे सुरेखाला, द्यायचे होते. पण सुरेखाच्या लक्षात राहीनात, म्हणून टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मांडव नसताना काकी गाणार नाहीत, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे परक्या लग्नातल्या रेकॉर्डिंगवरून मी धवले उतरवले. साहजिकच त्यात नावं परक्यांची आली.

नातीचं लग्न ठरलं तशा काकी एका दुपारी माझ्याकडे बसल्या आणि आपल्या घरची नावं सांगू लागल्या. सासू, आजेसासू, बाळंतपणात गेलेली नणंद, जिला कुणी कधी बोलावलंच नव्हतं ती चुलती. मी परकी नावं खोडून ही घालत होते. दर नावानंतर काकी विचारायच्या, "ऱ्हायलं का आत?" लॅपटॉपच्या कोपऱ्यात 'जतन झाले' दिसायचं. मी म्हणायचे, "राहिलं, काकी."

फाइल मी थेट मेलमधून उघडली होती. जतन होत होतं ते एका तात्पुरत्या प्रतीत. खिडकी बंद केली आणि सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी उघडली तर तीच परकी नावं. पुष्कळ शोधलं, काही मिळालं नाही.

काकींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "तुजी काय चूक, बाय? त्यानी सांगितलं ऱ्हायलं, तू सांगितलंस ऱ्हायलं. हलदीच्या आदी परत बसू."

बसणं झालं नाही. त्याच आठवड्यात अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. मी नावं विचारायचे, त्या ओठ हलवायच्या, मला काही कळायचं नाही. हळदीच्या आधीच त्या गेल्या. अजून ते ओठ आठवले की जीव तुटतो.

सुतक फिटल्यावर लग्न लागलं तेव्हा मांडवात सुरेखाने कागद धरला. परक्या नावांच्या जागी आठवली तेवढी घरची नावं घेतली. चुलतीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी सुरेखा थांबली, पदर सावरला आणि काकींना आमंत्रण दिलं. ते नाव मात्र आम्हा सगळ्यांना पाठ होतं.