मांजरीला घातलेली साद

माझ्या आईचा आवाज एका नटीच्या व्हिडिओत अडकला होता. आईचे फोटो आमच्याकडे पुष्कळ आहेत, आवाज मात्र कुठेच नाही. भावाच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये ती जिथे तिथे दिसते, हळद लावताना, जेवणाऱ्यांना आग्रह करताना, पण त्या शहाण्या शूटिंगवाल्यानं सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवली आहेत. आई तोंड उघडते आणि भलतीच बाई गायला लागते.

तारकर्लीच्या बाजूला, आमच्या माडांच्या बागेत, पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. लग्न झाल्या झाल्या ती नटी नवऱ्याला घेऊन तिथे राहायला आली. मला ही माणसं मुळीच आवडत नाहीत. यांनी दात घासले तरी बातमी होते. पण ही बरी निघाली. आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाऊन नाक पुसत हसली आणि मागच्या पडवीत आमच्या मांजरीला मांडीवर घेऊन बसली. नवऱ्यानं व्हिडिओ घेतला, तिनं तो जगाला दाखवला.

त्यात मांजर डोळे मिटून पडली आहे. नटी तिचे कान कुरवाळते आहे. तेवढ्यात विहिरीकडून आई ओरडते, "खंय मरान पडलंस गो? ये, ये, ये!" आई दिसत नाही, नुसती ऐकू येते. मांजर कान टवकारते आणि उडी मारून नाहीशी होते. नटी रिकामी मांडी बघून हसते आणि व्हिडिओ संपतो. आई तेव्हा धुण्याच्या दगडावर पेडवे मासे साफ करत होती. पेडव्यांची डोकी मांजरीची, हे त्या दोघींचं ठरलेलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन आई गेली. मी कुडाळची नोकरी सोडून बाबांजवळ राहायला आले.

बाबांना एक नटी दुसरीपासून वेगळी ओळखता येत नसे. ते आता रोज फोनवर हिचं पान उघडून बसायला लागले. शेजारी चेष्टा करत, "म्हातारो फिल्लमवालीच्या नादाक लागलो." बाबा हसून घेत. संध्याकाळी मासे साफ करायच्या वेळेला ते पडवीत बसत आणि तो व्हिडिओ लावत. आई विचारायची, खंय मरान पडलंस गो. मांजर झोपेतून उठायची, विहिरीकडे जायची आणि कोरड्या दगडासमोर शेपटी गुंडाळून बसून राहायची.

मी स्वयंपाकघरात असायचे. मागच्या दारानं तो आवाज आला की हातातली पळी थांबायची. रोज माहीत असूनही क्षणभर वाटायचं, ओ द्यावी. त्याचा राग मी बाबांवर काढायचे. म्हटलं, मुक्या जनावराला कशाला फसवता?

"तेका खरा वाटता," बाबा म्हणाले. "वाटांदे."

मग टीव्हीवर सुरू झालं की तिचं आणि नवऱ्याचं बिनसलंय. तिनं त्याचं आडनाव काढलं, त्याच्याबरोबरचे फोटो एकेक करून पुसायला घेतले. लोक चघळत होते आणि आमच्या घरात जीव टांगणीला लागला होता. हनिमूनचा तो व्हिडिओ, नवऱ्यानं काढलेला, तो ती कशाला ठेवील? भाऊ मुंबईहून म्हणाला, काळजी करू नका, मी तो केव्हाच सेव्ह करून ठेवलाय. तरी बाबा नारळ घेऊन देवळात गेले आणि गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गुरवानं विचारलं, ती मुलगी तुमची कोण? बाबा म्हणाले, "आमच्याकडे जेवान गेलला चेडू." मग देवापुढे रीतसर गाऱ्हाणं झालं, त्या चेडवाचो आणि तिच्या घोवाचो संसार बरो चलांदे रे म्हाराजा. मागे उभे असलेले चारजण नेहमीप्रमाणे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मला हसू आलं नाही. मीही म्हणाले.

त्यांचा संसार काही चालला नाही. एके दिवशी व्हिडिओ गेला. भावानं आपला सेव्ह केलेला उघडला तर तिथेही काही नाही. त्यानं नुसती खूण करून ठेवली होती; मूळ गेलं तशी खूणही गेली. फोनवर मी त्याला नको नको ते बोलले.

तिच्या भक्तांनी मात्र तिचं काही म्हणता काही टाकलेलं नाही. शोधून शोधून भावानं एकाच्या पानावरून तो व्हिडिओ मिळवला. त्या भक्तानं त्यावर प्रेमाचं गाणं चढवलं होतं. मांजर पडलेली, गाणं चाललेलं. आई नाही. आणि मध्येच मांजर कान टवकारते आणि उडी मारून जाते.

बाबांनी तो एकदाच पाहिला. "कोण साद घालणा नाय, तरी उठता बघ," म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. त्यानंतर ते संध्याकाळचे पडवीत यायचे बंद झाले. जेवण अर्ध्यावर आलं. मांजरही दगडाकडे फिरकेनाशी झाली.

परवाची गोष्ट. मी त्या दगडावर पेडवे साफ करत होते. कावळे अंगावर येत होते, हात घाणीत, आणि ही बया कुठे उलथली होती कोण जाणे. मी वैतागून ओरडले, "खंय मरान पडलंस गो? ये, ये, ये!"

मी नक्कल केली नव्हती. ते गळ्यातून आपोआप आलं. मांजर गवताच्या उडवीमागून धावत आली. घरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि बाबा मागच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरताना मी बघितला. "काय नाय," म्हणाले आणि आत गेले. मला माझ्याच गळ्याची भीती वाटली. उरलेला दिवस मी मोठ्यानं बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मासे घेऊन गेले तर बाबा आधीच पडवीच्या पायरीवर बसलेले. मांजर त्यांच्या पायाला टेकून बसली होती. मी गुपचूप एक डोकं तिच्यापुढे टाकलं.

"साद घाल," बाबा म्हणाले.

"बाबानू, माजर हंयच आसा."

"आसांदे. तू घाल."

मी मान खाली घातली आणि साद घातली. मांजर जागची हलली नाही, ती खात होती. बाबांनी डोळे मिटले.

"मी येतंय गो," ते हळूच म्हणाले. "येतंय."