टार्निटच्या जिन्याने उत्तर चीनच्या डोंगरात

चीनला जायचं ठरलं ते मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना. तेही सप्टेंबर २०२० मध्ये, मेलबर्नचं लॉकडाउन ऐन भरात असताना. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. वेरिबीच्या इंडियन दुकानातून हिंग आणायचा तरी आधी नकाशावर अंतर बघावं लागायचं. तेव्हा ज्यांना विमान, व्हिसा आणि हॉटेलची माहिती हवी आहे, त्यांनी इथूनच रजा घ्यावी. आम्ही गेलो ते मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आमच्या घराच्या जिन्याने.

आधी आमची पार्टी सांगते. मी मानसी, घरून काम करून डोकं फिरलेली. नवरा केदार, तोही घरूनच, पण त्याचं डोकं मूळचंच तसं. आमची इरा, वय आठ, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. आणि सहलीच्या उत्सवमूर्ती म्हणजे केदारच्या आई. त्या फेब्रुवारीत नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. यायच्या आधी त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. नाशिकचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फिजिओ दर आठवड्याला व्हिडिओवरून बजावायची की चाला, जिने चढा, नाहीतर गुडघा आखडेल. आणि आई सोफ्यावरून हलायला तयार नाहीत. "काय बघायला चालायचं? या कोपऱ्यावर करडं घर, त्या कोपऱ्यावर करडं घर."

एक दिवस जेवताना केदार बोलून गेला, "आई, जिना चढता येत नसेल तर तो फ्लॅट विकून टाकू. तू इथेच राहा कायमची."

तो प्रेमानेच बोलला हो, पण आईंनी ताट बाजूला सारलं आणि त्या उठून गेल्या. नाशिकचं घर गेलं असतं तर ही बाई आतून खचली असती. आणि ते वाचवायचं तर त्यांनी जिना चढायलाच हवा होता.

आता कपडे वाळत घालण्याकडे येते. कुंपणापलीकडे मेई राहते. तिचं आणि माझं डंपलिंग आणि साबुदाणावड्यांचं आयात-निर्यात खातं जुनं आहे, लॉकडाउनमध्येही ते कुंपणावरून चालू होतं. त्या दिवशी मेई चिमटे हातात धरून नुसतीच उभी होती. तिचे बाबा उत्तर चीनमध्ये, शांशी प्रांतात, डोंगरातल्या एका फॉरेस्ट पार्कच्या पायथ्याशी राहतात. तिचं एप्रिलचं तिकीट रद्द झालं होतं. "आता तिकडे झाडं सोनेरी होत असतील," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बाबांना फोन घेऊन वर चढायला सांगू का? तुझ्या सासूबाईंनाही दाखव."

मी ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून आत पळाले आणि आईंना साफ थाप मारली. "मेईचे बाबा अगदी एकटे आहेत हो. सोबत असल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. तुम्ही इकडे चाललात, तर ते तिकडे चालतील."

"अगं बाई, बिचारे," आई म्हणाल्या. आणि लगेच, "किती दिवसांची ट्रिप?"

तीन दिवसांची ठरवली. इराला शाळेची सुट्टी होती, आम्हीही रजा टाकली. रजेचं कारण काय, असं मॅनेजरने विचारल्यावर मी "ट्रॅव्हल" म्हटलं, तर त्याने मला तो शब्द परत म्हणायला लावला.

तयारीबद्दल थोडं. आईंनी आदल्या दिवशी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि रव्याचे लाडू केले. मी म्हटलं, "आई, स्वयंपाकघर तिथेच आहे." तर म्हणे, "प्रवासात स्वयंपाकघर नसतं." निघताना सगळ्यांच्या हातावर दही-साखर. केदारच्याही, आणि तो फक्त स्टडीतून लाउंजमध्ये येणार होता. टॅबलेटपुढे नारळ फोडायचा बेत मी वेळीच हाणून पाडला. आईंचा पोशाख: साडी, त्याखाली माझे पळायचे रनर्स बूट, वर शाल आणि माकडटोपी.

मार्ग असा: लाउंज, हॉलवे, कपडे धुवायची लॉन्ड्री, परत हॉलवे. चढ आला की जिना. नियम एकच, मेईचे बाबा चालले की आपण चालायचं, ते थांबले की थांबायचं. केदार टॅबलेट धरून आईंच्या पुढे उलटा चालणार. मेई तिच्या घरून कॉलवर, ती चिनीचं इंग्लिश करणार, मी मराठी. इराकडे टेबलफॅन, म्हणजे डोंगरवारा.

पहिल्या दिवशी त्यांच्या सकाळी आठला, म्हणजे आमच्या दहाला निघालो. पहिली पाच मिनिटं आम्ही उत्तर चीनमधला फक्त एक कान पाहिला, कारण बाबांनी फोन कानाला लावला होता. मेईने ओरडून सांगितल्यावर चित्र सरळ झालं. सडपातळ म्हातारा, निळी टोपी, मास्क, खांद्याला चहाचा थर्मास. गेटवर त्यांनी मोबाइलवरचा हेल्थ कोड, म्हणजे कोरोना नसल्याचा दाखला, दाखवला. साठीच्या पुढच्यांना तिकीट माफ, असं मेई म्हणाली.

"मग आमचंही माफ," आई म्हणाल्या आणि रुबाबात हॉलवेत शिरल्या.

पायथ्याशी झरा होता, स्वच्छ, तळाचे गोटे दिसत होते. दोन्ही बाजूंना अक्रोड आणि ओक, वरच्या कड्यांवर पाइन. हवा इतकी निवळ की मेलबर्नला बसून थंडी वाजली. अर्थात त्यात इराच्या फॅनचाही हात होता. "आजी, यू आर लिटरली इन द लॉन्ड्री," इराने जाहीर केलं. आजीने तिकडे लक्ष दिलं नाही.

मग चढ लागला. तिथे डोंगरावर मातीची पायवाट नाही, दगडी पायऱ्याच पायऱ्या. आई कठडा धरून चढायला लागल्या आणि जिन्याच्या मधल्या वळणावर थांबल्या. चेहरा उतरला. "नाही व्हायचं माझ्याच्याने," त्या केदारला म्हणाल्या. "विका तो फ्लॅट."

तेवढ्यात स्क्रीनवर मेईचे बाबाही थांबले, पायरीवर बसले आणि थर्मासातून चहा ओतायला लागले. "घाई नाही म्हणतायत," मेई म्हणाली. आईंनी तिथेच वळणावर बसकण मारली, डबा उघडला आणि एक लाडू स्क्रीनसमोर धरला. बाबांनी चहाने भरलेलं थर्मासचं झाकण वर केलं. पहिला दिवस तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी बर्चचं रान. पांढरीशुभ्र खोडं, साल कागदासारखी सुटलेली. वाटेत काटेरी झुडपांना केशरी फळं घोसांनी लगडलेली. बाबांनी मास्क खाली करून दोन तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा असा काही वाकडा झाला की आई खो खो हसल्या. "करवंदापेक्षा आंबट दिसतंय!" त्याचा ज्यूस करून बाटल्यांतून विकतात म्हणे, भरपूर साखर घालून.

आणि मग ती खार आली. पाठीवर काळे पट्टे, गालात काहीतरी कोंबलेलं. बाबांनी सूर्यफुलाच्या बियांची पुडी बाहेर काढली, तर तिने ती पुडीच पळवली आणि पायऱ्यांवरून वर सुसाट सुटली. बाबा तिच्या मागे. आई बाबांच्या मागे. "धरा, धरा मेलीला!" करत त्या आमच्या जिन्याच्या अर्ध्यावर कधी गेल्या आणि वरच्या पायरीवर कधी पोचल्या, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मला मात्र कळलं. मी खाली उभी राहून तोंडावर हात दाबून धरला होता.

उलट्या चालणाऱ्या केदारला वर लॉन्ड्री बास्केट आहे हे आठवलं नाही. तो तिच्यात बसला आणि बास्केट फाटली. चीनमध्ये आमचं छत, मग मोजे, मग परत छत दिसलं. बाबांनी घाबरून विचारलं, तिकडे भूकंप झाला का? "नो, जस्ट डॅड," इरा म्हणाली.

त्या आनंदात आईंनी घोळ घातला. टीव्हीवर डोंगराचं चित्र लावून, पुढे माकडटोपी घालून त्यांनी इराकडून फोटो काढून घेतला आणि माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "उत्तर चीनमध्ये सुखरूप पोचले. थंडी बोचरी आहे."

कोरोनाच्या वर्षात. चीनमध्ये. सुखरूप.

पहिला फोन सुलूमावशीचा, ती रडतच होती. मग केदारचा मामा, "तुला अक्कल आहे का रे? आईला कुठे पाठवलंस?" सिडनीच्या ब्लॅकटाउनमधली चुलत नणंद म्हणाली, "दादा, बॉर्डर बंद आहे ना, मग गेल्याच कशा?" नाशिकच्या सोसायटीचे सेक्रेटरीही आले लाइनवर. काकू परतणार असतील तर आधी कळवा, जिना सॅनिटाइझ करून घेऊ. केदार घसा फोडून सांगत होता की आई इथे सोफ्यावर बसलीये, आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

"आई, तुम्हीच सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"सांगते गं उद्या," आई गालात हसत म्हणाल्या. "मार्चपासून कुणी माझी एवढी चौकशी केली नव्हती."

मी त्यांच्यासाठी चहा टाकला आणि फोन सायलेंटवर ठेवला.

तिसरा दिवस शिखराचा. उंचावर लार्चची झाडं होती. ही सूचिपर्णी, पण पानगळीची. सगळं रान हळदीसारखं पिवळं, आणि वारा आला की सुयांसारखी बारीक पानं बाबांच्या टोपीवर, खांद्यावर, फोनवर. मेईचं भाषांतर थांबलं, आणि ते कुणी मागितलंही नाही.

शेवटची चढण सुरू झाली आणि चित्र गोठलं. बाबांचा एक पाय हवेत, तो तसाच. केदारने मोडेम बंद करून चालू केलं. आम्ही सगळे टॅबलेटभोवती गोळा. मागे वळून पाहते तर आई जिन्यावर. एक पायरी, मग दुसरी. वर पोचल्या, कठडा धरून खाली आल्या, परत वर निघाल्या.

"आई, थांबा! फोन बंद आहे."

"फोन बंद आहे, ते गृहस्थ थोडेच थांबलेत?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "ते तिकडे एकटे चढतायत. मी खाली बसून राहू?"

चित्र परत आलं तेव्हा आई जिन्याच्या टोकावर होत्या आणि बाबा शिखरावर. वर झाडं संपून नुसतं गवताळ पठार होतं आणि खाली दरीभर ढग. बाबांनी फोनकडे बघून पहिला प्रश्न केला तो, "त्या बाई पोचल्या का?" आईंनी टोपी काढून हलवली.

संध्याकाळी कुंपणापाशी मेई आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "तुला एक सांगायचंय. मी बाबांशी खोटं बोलले. माझी आई गेल्यापासून ते अंगणाबाहेर पडतच नव्हते. मी त्यांना सांगितलं, शेजारच्या इंडियन आंटीला चालता येत नाही, तुम्ही चढलात तरच ती चढेल."

मी उडालेच. मग माझी थाप तिला सांगितली. दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना वेड्यासारख्या हसत सुटलो आणि मग हसता हसता रडलो.

ट्रिपचा हिशोब विचाराल तर थोडा डेटा, डझनभर लाडू आणि एक लॉन्ड्री बास्केट. तुम्हाला खरोखर जायचं असेल तर सप्टेंबरचा शेवट गाठा आणि चढायची तयारी ठेवा. आईंनी त्यानंतर रोज जिना केला, आणि मेईचे बाबाही रोज बाहेर पडायला लागले.

पुढच्या वर्षी विशेष विमानात जागा मिळाली आणि आई निघाल्या. टेस्ट, क्वारंटाइन सगळं उरकून एका सकाळी नाशिकहून त्यांचा व्हिडिओ कॉल आला. कॉलवर मेई होती, तिचे बाबाही होते, शांशीत स्वतःच्या अंगणात उभे. आईंनी फोन फिरवून सोसायटीचा जिना दाखवला. "आता हा माझा डोंगर. चला." पहिला मजला. दुसरा. मध्ये श्वास घ्यायला थांबल्या, तर बाबाही थांबले. तिसऱ्या मजल्यावर कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि धुळीने भरलेला हॉल दिसला.

आम्ही तिघं टार्निटच्या जिन्यावर टाळ्या वाजवत होतो. केदारने डोळे पुसले. मी म्हटलं, "आई, आता जरा बसा निवांत."

"बसते कसली? किती कचरा झालाय बघ," आई म्हणाल्या. "ठेव आता फोन, मला घर झाडायचंय."