म्हस्के मॅडमची पडलेली टेस्ट

रागावल्या की म्हस्के मॅडम पुन्हा आपल्या गावच्या, मिरजगावच्या व्हायच्या. एरवी त्यांची भाषा अगदी नीटनेटकी, ऑफिसात शोभणारी. पण कुणी "चालतंय की मॅडम" म्हणालं, की खुर्ची मागे सरकायची आणि आवाज चढायचा, "चालतंय म्हंजे? कुनी चालवून बघितलं? तू?" नगरच्या आमच्या छोट्या कंपनीत पहिल्याच दिवशी मी हे ऐकलं आणि टरकले. नेमकी त्यांच्याच हाताखाली माझी नेमणूक झाली होती.

आमची कंपनी सर्व्हरवर फाइली साठवण्याचं सॉफ्टवेअर बनवायची. त्यात फाइलचा क्लोन करायची सोय होती. क्लोन केला की दुसरी प्रत लगेच लिहिली जात नाही. दोन्ही फाइली एकच मजकूर वापरतात, त्यामुळे जागा वाचते. पुढे एकीत बदल झाला, तर तेवढाच भाग नव्या जागी लिहायचा आणि दुसरीला धक्का लागू द्यायचा नाही. सगळा भरवसा या एवढ्यावरच. नवी आवृत्ती निघाली की जुन्या टेस्ट पुन्हा चालवून हा भरवसा टिकलाय का, ते आम्ही दोघी बघायचो. मॅडम चिडून म्हणायच्या, "नवं काय केलं ते समदे दाखवत्यात. जुनं काय मोडलं ते आपन बघायचं. त्याला कुनी हार घालीत न्हाई."

एका आवृत्तीत मॅडमनी लिहिलेली क्लोनची टेस्ट पडली, म्हणजे नापास झाली. मूळ फाइलीत लिहिलेलं क्लोनमध्येही उमटलं. पुन्हा चालवली, तर पास. परत पास. मग पुन्हा पडली. मॅनेजर हसले.

"मॅडम, टेस्टच डळमळीत आहे. काढून टाका. परवा रिलीज आहे."

"कदी कदी पडती म्हंजे खोटी हाय व्हय? साप बी रोज दिसत न्हाई, साहेब. म्हनून बिळात हात घालायचा?"

"तुम्ही फार भावनिक होता."

भावनिक! या शब्दाचा मला अजून संताप येतो. फाइल बिघडतेय हे त्या दाखवत होत्या, आणि हा माणूस त्यांचा स्वभाव तपासत होता. मॅडमनी टेस्ट काढायला साफ नकार दिला. मग साहेबांनी ती दुसऱ्याकडून बंद करून घेतली. पडद्यावर सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास दिसू लागल्या आणि ऑफिसात पेढे वाटले. मॅडमनी पेढा घेतला नाही.

श्रीरामपूरची एक पॅथॉलॉजी लॅब आमचं सॉफ्टवेअर वापरायची. रिपोर्टांच्या फाइलीचा रोज क्लोन करून ते जुनी प्रत म्हणून ठेवायचे. नव्या आवृत्तीनंतर त्या जुन्या प्रतींत नंतरच्या पेशंटांचे आकडे घुसले. बेलापूरच्या एका बाईंनी आपला जुना रिपोर्ट पुन्हा मागितला, तर त्यात दुसऱ्याच कुणाची साखर छापून आली. डॉक्टरांनी त्यावरून साखर कमी करायच्या गोळ्या सुरू केल्या, आणि त्या बाई अंगणात चक्कर येऊन पडल्या. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचल्या.

लॅबचे मालक तावातावाने आमच्याकडे आले. साहेब शांतपणे म्हणाले, "आमच्या टेस्टिंगकडून नजरचूक झाली."

मॅडम तिथेच बसल्या होत्या. त्या उठल्या. "नजरचूक न्हाई. टेस्ट पडली हुती. मी सांगितलं हुतं. यांनी ती बंद केली."

"हे खरं आहे," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात मॅडमना राजीनामा द्यायला लावला. मला ताकीद मिळाली. आणि निर्लज्जपणा असा, की पुढे दुरुस्ती करताना मॅडमची तीच टेस्ट परत आणली, फक्त तिच्यावरचं त्यांचं नाव पुसून.

पुण्याला दुसऱ्या नोकरीवर रुजू होण्याआधी मॅडम म्हणाल्या, "पल्लवी, बेलापूरला येतेस?" आम्ही एसटीने गेलो. त्या बाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. मॅडमनी त्यांना काय घडलं ते सगळं सरळ सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "मी सांगितलं हुतं मावशी, पन आनखी जोरात सांगायला पायजे हुतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अख्ख्या ऑफिसात एकटीच ओरडलेली बाई माफी मागत होती!

मावशींनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "तुमी सांगितलं, म्हनून तुमी आल्या. ज्यांनी ऐकलं न्हाई, ते कुठं हायेत?"

मॅडम ओट्यावर टेकल्या आणि मावशींबरोबर शेंगा फोडू लागल्या. परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या. टेस्ट कुणी आणि कशी बंद केली ते मीच सांगत होते, पुढच्या सीटवरची माणसं वळून बघू लागली तरी, मोठमोठ्याने.