शेवटच्या पायरीवरचा माणूस

ती घटना आठवली की तेव्हाचा गोंधळ आजही जसाच्या तसा मनात उभा राहतो. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरली होती. जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. सकाळची हजेरी झाली होती आणि मी गस्तीच्या नोंदी बघत होतो. ठाणे अंमलदारांनी आपला मोबाईल माझ्यापुढे धरला.

"साहेब, हे दोन फोटो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतायत. आपला खबऱ्या सांगतो, हा इसम नदीत गेलाय."

पहिला फोटो रात्रीचा होता. कुकडी नदीचं काळं पाणी, त्यावर धुकं, काठावरच्या दिव्यांचे पाण्यात लांबलेले पिवळे पट्टे. घाटाच्या शेवटच्या पायरीवर एक माणूस पाठमोरा उभा होता. त्याची आकृती अंधुक होती, इतकी की अंगातून पलीकडचं पाणी दिसावं. खाली लिहिलं होतं, 'घरी जायचं नसलेला माणूस'. दुसरा फोटो त्याच जागेचा, त्याच उजेडातला. फक्त पायरी रिकामी होती.

फोटो काढणारा गावातलाच. लग्नाचे फोटो काढायचा, दुकान होतं. हौस म्हणून रात्रीची नदी टिपायचा. दुपारपर्यंत त्याच्या दुकानासमोर गर्दी जमली. माणूस बुडत होता आणि हा फोटो काढत राहिला, असं जो तो बोलू लागला. दगड पडायच्या आत मी त्याला ठाण्यात आणून बसवला आणि नदीत पाणबुडे उतरवले.

त्याच दिवशी दोन कुटुंबं ठाण्यात आली.

पहिली आली पिंपरी पेंढारकडची एक म्हातारी. घरी अजून थोडी मेंढरं होती. तिचा तरुण मुलगा थोरल्या भावाशी भांडून निघून गेला होता. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि खाली बसली. "माझाच हाय. आसाच हुबा ऱ्हायचा मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाला. आईला वळखू येनार न्हाई व्हय?"

तिचा जबाब लिहून होतोय तोवर आंबेगाव तालुक्यातलं एक शेतकरी कुटुंब आलं. सासरा, दीर आणि मागे डोक्यावर पदर घेतलेली सून. तिचा नवरा मार्केटला टेम्पोवर हमालीला जायचा. एक दिवस गेला तो परतलाच नाही. मिसिंगची तक्रार सासऱ्याने त्यांच्याकडच्या ठाण्यात दिलेली होती. सासरा फोटो बघून म्हणाला, "आमचाच पोरगा. खांदा बघा की."

मी सुनेकडे बघितलं. तिने फोटोवर नजर टाकली न टाकली आणि म्हणाली, "हो. तेच हायेत."

माणूस एक आणि ओळखणारी घरं दोन. दोन्ही घरांच्या बोलण्यात मला खोट दिसेना. नदीत काही सापडेना. फोटो काढणाऱ्याला विचारावं, तर तो दर वेळी नवीन काही सांगायचा.

"तो कुठून आला?"

"आधीपासून तिथंच होता, साहेब."

"आणि गेला कुठं?"

"मी कॅमेऱ्यात बघत होतो. वर बघितलं तर नव्हता."

"पाण्याचा आवाज?"

"नाही. म्हणजे, लक्षात नाही."

"माणूस असा काचेसारखा का दिसतो?"

"शटर बराच वेळ उघडं असतं. मधेच माणूस हलला की अर्धाच उमटतो." हे एवढंच तो न अडखळता बोलला. बाकीचे फोटो दाखव म्हटलं, तर म्हणाला, पुसले.

दुसऱ्या दिवशी ठाण्याचा फोन वाजला. पलीकडे नाशिकच्या बाजूने कुठल्या तरी द्राक्षाच्या शेडमधून एक मुलगा बोलत होता. "साहेब, मला नदीत शोधताय म्हनं. मी हितं हाय. त्यो फोटो माझा न्हाई."

म्हातारी घाटावर पाणबुड्यांकडे बघत बसली होती. मी तिला त्याच नंबरवर फोन जोडून दिला. तिने तो कानाला घट्ट धरला. मग फोन खाली घेऊन मला म्हणाली, "आवाज त्याचाच हाय. मंग ह्यो कोन हो, साहेब? ह्याची बी आई आसंल की." मुलगा सापडल्यावरही ती लगेच घरी गेली नाही. त्या दुसऱ्या आईसाठी संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिली.

आता एकच घर उरलं. सासऱ्याची खात्री आणखी पक्की झाली. माझी मात्र कमी झाली होती. सख्ख्या आईची चूक होते, तर यांची का होणार नाही?

मी फोटो काढणाऱ्याला दिवसाउजेडी घाटावर नेलं. सासरा आणि सूनही होती. कॅमेरा होता तिथे मी उभा राहिलो आणि आमच्या हवालदारांना शेवटच्या पायरीवर पाठमोरं उभं केलं. सासरा हळूच म्हणाला, "आसाच व्हता बघा." दुसऱ्या एका कॉन्स्टेबलला उभं केलं. सासऱ्याने मान खाली घातली. मग मी फोटो काढणाऱ्याला म्हटलं, "आता तू जा पायरीवर."

तो जाईना. हवालदारांनी दंडाला धरून नेला. तो उभा राहिला आणि त्याचा डावा खांदा खाली झुकला. वर्षानुवर्षं कॅमेऱ्याची जड बॅग अडकवून तो तसाच झाला असणार. मी मोबाईलवर तो पहिला फोटो उघडून पुढे धरला. तोच खांदा, तीच मान.

तो न वळताच म्हणाला, "साहेब, तो मीच आहे."

मग सगळं बाहेर आलं. नुसत्या नदीचे फोटो कोणी बघत नव्हतं. त्याने कॅमेऱ्याला टायमर लावला, पायऱ्या उतरून उभा राहिला आणि मधेच बाजूला झाला. खालची ओळही त्यानेच जुळवली. पाणबुडे उतरले तेव्हा तो घाबरला. खरं बोललो तर सुटण्यासाठी थापा मारतोय म्हणतील, असं त्याला वाटलं.

सासरा त्याच्या अंगावर धावून गेला. मी मधे पडलो. सून जागची हलली नाही.

तिला ठाण्यात आणलं आणि महिला अंमलदारांसमोर एकटीला बसवून विचारलं, "ताई, तुम्ही हो का म्हणालात?"

"चेहराच न्हवता त्यात," ती म्हणाली. "पन आमची तक्रार देऊन लई दिस झाले. कुनी होडी काढली नाय, का कुनी इचाराय आलं नाय. फोटो आला आन् एका दिवसात पाणबुडे आले. नाय म्हनले आसते, तर तुमी शोधायचं थांबवलं आसतं."

मी कोरा कागद घेतला आणि म्हटलं, "मग आता पहिल्यापासून सांगा. तुमचा नवरा कसा आहे?"

ती सांगत गेली. उजव्या करंगळीचं टोक कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं. कानामागे भाजल्याचा डाग. सासऱ्याची तक्रार घेताना तिकडच्या ठाण्याने न विचारताच 'अंगावर खूण नाही' असं लिहिलेलं होतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

त्या खुणा आम्ही आजूबाजूच्या जिल्ह्यांत कळवल्या. काही दिवसांनी एका सरकारी रुग्णालयातून निरोप आला. रस्त्यावर जखमी सापडलेला, डोक्याला मार लागलेला, नाव न सांगू शकणारा एक रुग्ण तिथे होता. मी तिला घेऊन गेलो. वाढलेल्या दाढीत आणि पट्ट्यांत चेहरा कळत नव्हता. तिने चेहऱ्याकडे बघितलंही नाही. खाटेजवळ जाऊन त्याचा उजवा हात हातात घेतला, बोटं उलगडली आणि मग मला म्हणाली, "हेच हायेत."

फोटो काढणाऱ्याला कायद्याचं कोणतं कलम लावावं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी समज देऊन, लेखी घेऊन सोडला. ते बरोबर केलं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. त्याने पोलिसांना नसलेल्या माणसाच्या मागे लावलं, आणि त्या नादात असलेली दोन माणसं सापडली.

खोटं बोलणारा प्रत्येक माणूस काही लपवत असतो, असं धरून आम्ही चौकशीला बसतो. त्या बाईने मला दुसरंच दाखवलं. कोणी ऐकतच नसेल, तर साधा माणूसही ऐकू जाईल असं काहीतरी बोलतो. त्यानंतर मिसिंगची तक्रार आली की मी फोटो बाजूला ठेवायचो आणि घरात सर्वांत मागे उभ्या असलेल्या माणसाला आधी बोलतं करायचो.

नवरा बरा झाला का, असं लोक मला विचारतात. चालतो, जेवतो, रानात जातो. बायकोचं नाव मधूनच विसरतो. मग ती त्याला सांगते.